तिसरं नाक

या पृथ्वीच्या पाठीवर एखादी वस्तू सुरळीत चालत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच, की ती अजून आमच्या घरमालकांच्या नजरेस पडलेली नाही. एकदा पडली की संपलं. ते आधी तिच्याभोवती एक फेरी मारतात, मग तिला कान लावतात, मग 'हं' म्हणतात, आणि त्यांनी 'हं' म्हटलं की त्या वस्तूचे सुखाचे दिवस भरले असं खुशाल समजावं. माझ्या कुकरची शिट्टी त्यांच्या मते जरा घाईत वाजायची. त्यांनी ती दुरुस्त केली, तेव्हापासून आमचा कुकर शिट्टी म्हणून देत नाही, नुसते उसासे टाकतो. पंख्याचं तेच. त्यांचा हात लागल्यापासून तो एकावर ठेवला की सोसाट्यानं फिरतो आणि पाचावर ठेवला की झोपाळ्यासारखा झुलतो. मी तक्रार घेऊन गेलो तर उलट मलाच म्हणाले, "मग उलटं मोज की! सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना तू? एवढं जमत नाही?"

मी मूळचा पुण्याचा. नोकरी कन्नड मुलखात, हेब्बाळला. आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये राहत होतो, तिथं शेजारी दिसायचा तो फक्त लिफ्टमध्ये, आणि तोही मोबाइलमध्ये डोकं घातलेला. रोजच्या प्रवासानं जीव मेटाकुटीला आला म्हणून यशवंतपुरात जागा शोधायला आलो. गेटवर कन्नड, इंग्रजी आणि चक्क मराठी अशा तीन भाषांत पाटी होती : 'बेल दुरुस्त केलेली आहे. हाक मारा.' परमुलखात मराठी घरमालक! मला कोण आनंद झाला. मी हाक मारली, आणि आतून खणखणीत आवाज आला, "बा मरी, बा!" आता मरी म्हणजे आपल्याकडे पटकी नाहीतर प्लेग. पहिल्याच भेटीत घरमालक आपल्याला साथीचा रोग म्हणतात म्हटल्यावर मी मागच्या मागे फिरणारच होतो, तेवढ्यात त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. म्हणाल्या, "घाबरू नका हो. कन्नडात मरी म्हणजे पिल्लू. ते लाडानं बोलवतायत." या बाईंचं माहेर बेळगावकडचं, त्यामुळे कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे त्यांना बरोबर कळतं. घरमालकांचं तसं नाही. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि तेव्हापासून त्या घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात जेवतात. "तुम्ही पुण्याची माणसं काल-परवा बसनं आलात रे," ते मला ऐकवतात, "आम्ही घोड्यावरून आलो!" जणू घोडा अजून मागच्या अंगणात बांधलेला आहे.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला अक्का. कन्नडात याचा अर्थ दादा आणि ताई असा होतो, पण नवरा-बायकोला असं कसं म्हणता, हा प्रश्न तिथं फक्त मला पडला होता. अण्णांचं आवडतं माप म्हणजे 'स्वल्प'. कन्नडात थोडंसं, एवढाच त्याचा अर्थ. पण अण्णांचं स्वल्प हे कुठल्याही पट्टीवर बसत नाही. स्क्रू स्वल्प फिरवायचा म्हणजे केसभर. नळ दुरुस्त करायला स्वल्प वेळ लागेल म्हणजे दिवाळीपर्यंत. आणि ताटात स्वल्प भात वाढ म्हणजे अक्कांनी पातेलंच उचलून आणायचं.

या सगळ्या उद्योगांचं कुलदैवत गेटच्या आत उभं असतं. अण्णांची गाडी. गोल डोळ्यांची, गुटगुटीत, गिअरची दांडी स्टिअरिंगलाच असलेली जुनी गाडी, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. घरात तिला 'थोरली' म्हणतात, आणि खरोखरच थोरल्या जावेचा मान असतो तिला. थोरलीचं सगळं मर्म कार्ब्युरेटरमध्ये. कार्ब्युरेटर म्हणजे गाडीचं स्वयंपाकघर. तिथं पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला वाढतात. हल्लीच्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो, थोरलीत ते एक पितळी स्क्रू करतो, आणि त्या स्क्रूला अण्णा फिरवतात. पेट्रोल जास्त झालं तर मिक्श्चर 'रिच'. मग गाडी काळं खोकते आणि तिचा वास नाकाला झोंबतो. हवा जास्त झाली तर 'लीन'. मग ती शिंकते, तापते आणि चढावर मान टाकते. हे सगळं अण्णा नुसत्या नाकानं ओळखत. सायलेन्सरमागे उकिडवे बसून डोळे मिटून एक दीर्घ श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "स्वल्प रिच." घरची गाडी सोडा हो, सिग्नलला पुढे उभ्या असलेल्या परक्या गाड्याही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. एकदा असेच एका मोठ्या गाडीच्या मागे वाकले होते. गाडीवाल्याला वाटलं, म्हातारा चक्कर येऊन पडतोय. बिचारा धावत आला, हात धरून फुटपाथवर बसवलं, पाणी दिलं. अण्णांनी पाणी शांतपणे पिऊन घेतलं आणि बाटली परत देताना म्हणाले, "गाडी रिच चालतेय तुमची. बघून घ्या."

पुढे पुढे त्यांना माणसंही तशीच दिसायला लागली. समोरचे निवृत्त बँक मॅनेजर बोलायला लागले की थांबत नाहीत, ते रिच, नुसता धूर. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सारखा चिडतो, तो लीन. सत्यनारायणाला येणारे गुरुजी दुसऱ्या अध्यायापर्यंत ठीक, नंतर त्यांना पुढच्या घराची घाई होते म्हणून ते चढावर लीन. माझ्याबद्दलचं मत तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात देऊन टाकलं होतं. "तुम्ही पुण्याची माणसं सगळी लीन. पेट्रोल बेताचं, हवा फार!" आणि मग स्वतःच एवढे हसले, की मला राग धरायलाही सवड मिळाली नाही.

मध्यंतरी सगळ्या जगाला जो ताप येऊन गेला, तो अण्णांनाही आला. पंधरवड्यात उठून बसले, पण चेहरा उतरलेला. मी वरून खाली आलो तर पायरीवर बसून होते. म्हणाले, "मूगु गेला रे माझा, मरी." मी म्हटलं, जाणारच. डब्यात कडुलिंबाचा पाला टाकून ठेवायला पाहिजे, नाहीतर या हवेत मूग किडतातच. अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. अक्का आतून आल्या, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू अशा विचित्र अवस्थेत, आणि म्हणाल्या, "अहो, मूगु म्हणजे नाक. वास येत नाही त्यांना कशाचाच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य नाकावर चाललं होतं, त्याचं नाकच गेलं होतं आणि मी त्याला कडुलिंबाचा पाला सांगत होतो. अण्णा मात्र त्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "पाला लावून बघतो स्वल्प," म्हणाले.

नाक गेलं, पण थोरलीचा स्क्रू पिळायची सवय कुठे गेली होती? अण्णा अंदाजानं पिळत राहिले. त्यांच्या घरात एक जुना नेम होता. रविवारी सकाळी दोघांनी थोरलीतून बाहेर पडायचं, कुठेतरी इडली-कॉफी घ्यायची, हेब्बाळच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचं. लग्न झाल्यापासूनचा नेम. तापातून उठल्यावर तो पुन्हा सुरू झाला, आणि दर रविवारी अक्का घरी येऊन डोकं धरून पडायला लागल्या. "पेट्रोलचा वास येतो हो गाडीत, मळमळतं मला," त्या सांगायच्या. "वास? कुठं आहे वास?" अण्णा म्हणायचे. त्यांना तो कुठून येणार! शेवटी एका रविवारी भर फ्लायओव्हरच्या तोंडाशी अक्कांनी गाडी थांबवायला लावली, दार उघडलं, उतरल्या आणि सरळ एका ऑटोत जाऊन बसल्या. पुढे अक्कांची ऑटो आणि मागे हॉर्न वाजवत अण्णांची थोरली, अशी वरात यशवंतपूरपर्यंत आली. गेटमध्ये उतरून अक्कांनी जाहीर केलं, "त्या रॉकेलच्या डब्यात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तुम्हाला जायचं तर जा." मी हे वरच्या गॅलरीतून ऐकलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

आणि अक्का शब्दाच्या पक्क्या. त्यानंतरचे रविवार मला आठवतात. अण्णा पांढरा शर्ट घालून एकटेच गाडी काढायचे, चौकापर्यंत जायचे आणि परत यायचे. बाजूची सीट रिकामी. आल्यावर 'इंजिन गरम करून आणलं' असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचे. अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठीही वाईट वाटायचं. एकदा न राहवून मी म्हटलं, अण्णा, अक्का म्हणतात तर असेल वास, मान्य करून टाका. अण्णा गंभीर झाले. "मी म्हणतो वास नाही, कारण मला येत नाही. ती म्हणते आहे, कारण तिला येतो. माझं नाक मेलंय आणि तिचं नाक तिच्या पार्टीचं. न्याय कुणी करायचा? ज्याला या घरात नातेवाईक नाहीत असं एक तिसरं नाक पाहिजे."

ते तिसरं नाक त्यांनी मिळवलं. नव्या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात उरलेला ऑक्सिजन किती ते हुंगून तो कॉम्प्युटरला सांगतो, की मिक्श्चर रिच आहे का लीन. अण्णांनी तसलाच एक, मीटरसकट, पैदा केला आणि यशवंतपूरच्या एका वर्कशॉपमध्ये थोरलीला घेऊन गेले. बरोबर मी होतोच. वेल्डरनं विचारलं, चांगल्या सायलेन्सरच्या नळीला भोक कशाला पाडताय? अण्णा म्हणाले, नाक बसवायचंय. वेल्डरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय करणार? मग त्यानंही फार चौकशी न करता भोक पाडून दिलं, त्यात सेन्सर बसला, आणि वायर आत ओढून मीटर डॅशबोर्डवर चिकटवण्यात आलं. मीटरवर आकडा येतो. आकडा वर चढला तर हवा जास्त, खाली उतरला तर पेट्रोल जास्त. उभ्या गाडीला साडेतेराच्या आसपास आला म्हणजे झालं, हे मी इंटरनेटवर वाचून ठेवलं होतं. अण्णांनी गाडी सुरू केली, सेन्सर तापेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसलो, आणि मीटरवर आकडा आला तो अकराच्याही खाली. इंजिन नुसतं पेट्रोल ढोसत होतं. वास येत होता. चांगला दाणकन येत होता.

अण्णा खूप वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग घरी आले, चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक आहे. "तुझं बरोबर होतं." अक्का पोळी लाटत होत्या, त्यांनी लाटणं खाली ठेवलं. लग्नानंतर हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं, कारण अक्कांनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. पण गाडीत बसायचं नाव काढलं नाही. "आधी वास जाऊ दे," एवढंच म्हणाल्या.

झालं! त्या दिवसापासून रविवार सकाळ मिक्श्चरच्या नावानं वाहिली गेली. अण्णा बॉनेट उघडून, जवळचा चष्मा लावून, कार्ब्युरेटरवर वाकलेले. उघड्या बॉनेटमुळे आणि त्या चष्म्यामुळे त्यांना आतलं मीटर दिसायचं नाही, म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून आकडा बघायचा आणि ओरडून सांगायचं. स्क्रू आवळत गेलं की पेट्रोल कमी होतं. अण्णा स्वल्प स्वल्प आवळत जायचे, आकडा वर सरकायला लागायचा, बारा, साडेबारा, तेरा... माझा जीव टांगणीला. साडेतेरा आला रे आला की मी खिडकीतून डोकं काढून जीव तोडून ओरडायचो, "हेच! हेच! हेच!" आणि काय आश्चर्य, तो चांगला आलेला आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरून पुन्हा अकरावर यायचा. मी कपाळाला हात लावायचो. "अहो अण्णा, सोडलात कशाला?" "तूच म्हणालास!" "मी कधी म्हणालो?" "आत्ता ओरडलास की गल्लीभर!" आम्ही दोघंही तावातावानं एकमेकांकडे बघायचो, आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा साडेतेरा, पुन्हा मी 'हेच', पुन्हा घसरगुंडी. मला वाटायचं, म्हातारपण. त्यांना वाटायचं, पुणं.

असे किती रविवार गेले कोण जाणे. माझा घसा बसायचा, अण्णांची कंबर धरायची, आणि अक्का खिडकीत नाकाला पदर लावून उभ्या असायच्या. गल्लीतले लोक आता आम्हाला विचारायचेही बंद झाले होते. एका रविवारी अण्णांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि पायरीवर बसले. "साकु," म्हणाले. म्हणजे पुरे. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता सांगितलं, की एका हॉटेलवाल्याला थोरली हवी आहे. दारात शोभेला ठेवायला. "इंजिन काढून टाकणार म्हणाला. तेवढंच बरं. वास तरी येणार नाही." मी म्हटलं, अण्णा, असं काय करता? तर म्हणाले, "ती बसणार नसेल तर मी एकटा कुठं जाऊ रे गाडी घेऊन? चौकापर्यंत जाऊन येतो आणि लोकांना इंजिन गरम केलं म्हणून सांगतो. लोकांना काय कळत नाही?" मला खरंच भडभडून आलं. हा माणूस आणि असं बोलणं! मी उठलो, स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, शेवटचं. पुन्हा एकदा बघू, मग हॉटेलवाल्याला फोन करा नाहीतर काहीही करा.

गाडी सुरू झाली. अण्णांनी स्क्रूला हात घातला. बारा. साडेबारा. तेरा. साडेतेरा! माझ्या बसक्या घशातून होता नव्हता तेवढा आवाज काढून मी ओरडलो, "हेच! अण्णा, हेच! हेच!" आणि आकडा पुन्हा उतरायला लागला. मी आता खाली उतरून या माणसाच्या पाया पडावं की मान धरावी या विचारात असताना खिडकीतून अक्का कडाडल्या, "अहो, थांबा! हात काढा आधी तो!" मी चरकलो, अण्णा चरकले, थोरली एकटीच धडधडत राहिली. अक्का मागच्या दारानं बाहेर आल्या. पदर नाकावर होताच, पण आता तो हसू दाबायला. "तो काय म्हणतोय ते ऐकलंत का?"

"हेच्चु म्हणतोय," अण्णा म्हणाले. "वाढव म्हणतोय. दर वेळी तेच. कमी करत आणलं की हेच्चु, कमी करत आणलं की हेच्चु! किती पेट्रोल पाजू मी? पुण्याची माणसं बेतानं खातात असं ऐकलं होतं मी!"

"अहो, हेच्चु नाही हो, हेच! मराठीतलं हेच! हेच आहे, आता हलवू नका म्हणतोय तो!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. कन्नडात हेच्चु म्हणजे जास्त, हे मला दुकानात रोज ऐकून ठाऊक असायला हवं होतं. आणि मराठीत हेच म्हणजे हेच, हे घोड्यावरून आलेल्या माणसाला तरी नक्कीच ठाऊक असायला हवं होतं! म्हणजे इतके रविवार मी त्यांना 'थांबा' म्हणत होतो आणि ते इमानेइतबारे 'वाढवत' होते. अक्का पायरीवर बसून डोळे पुसत हसत होत्या. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की आपण चालू गाडीपासून हातभर अंतरावर बसलो आहोत. त्या उठल्या मात्र नाहीत.

"हं," अण्णा म्हणाले आणि पुन्हा वाकले. या वेळी मी शहाणपणा करून फक्त 'बास' म्हटलं. थोरलीची धडधड मंदावली आणि एका लयीत, समाधानानं गुरगुरल्यासारखी चालायला लागली. मीटर साडेतेराला चिकटून बसलं. मी खाली उतरून सांगितलं, झालं अण्णा, अगदी बरोबर आलं. पण अण्णांचं मीटरकडे लक्षच नव्हतं. त्यांनी हात फडक्याला पुसले आणि समोर तीन पावलांवर बसलेल्या बायकोला थेट विचारायचं सोडून मला म्हणाले, "मीटरचं राहू दे. वास येतोय का विचार तिला."

मी विचारलं. अक्का उठल्या, गाडीच्या मागे गेल्या, पदर खाली सोडला. आयुष्यात मी मुलाखती दिल्या, परीक्षा दिल्या, पण सायलेन्सरमागे उभ्या असलेल्या त्या बाईंच्या चेहऱ्याकडे मी जसं बघत होतो तसं कुठल्याच निकालाकडे पाहिलं नाही. "नाही येत," त्या म्हणाल्या. अण्णा मला म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून सांगू नको म्हणावं." अक्का मला म्हणाल्या, "यांना बरं वाटावं म्हणून मी आजवर काय काय सांगितलंय ते विचार त्यांना." मग घराकडे वळल्या. अण्णांचा चेहरा एवढा एवढा झाला. दारातून अक्का म्हणाल्या, "गॅस बंद करून येते."

त्या आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून आणि हातात पर्स घेऊन. अण्णांनी बाजूची सीट आधी फडक्यानं पुसली, मग ते फडकं ग्रीसचं आहे हे लक्षात येऊन शर्टाच्या बाहीनं पुसली. मला 'मीटर बघायला' म्हणून मागे कोंबण्यात आलं. गाडी हेब्बाळच्या दिशेनं निघाली. अक्कांनी पहिल्यांदा रुमाल हातात तयार ठेवला होता. दोन सिग्नल गेल्यावर तो पर्समध्ये गेला. मी अण्णांचा चेहरा आरशात बघत होतो. एवढा सावध चेहरा मी त्यांचा कधीच पाहिला नव्हता, गिअरसुद्धा असा टाकत होते की झोपलेलं मूल उठेल.

"कुणीतरी कॉफी दळतंय," अक्का मध्येच म्हणाल्या. अण्णांच्या नाकपुड्या सवयीनं फुलल्या आणि तशाच परत मिटल्या. "कुठं?" "डावीकडे. चिकोरी फार घातलीय." "रिच?" "रिच." आणि मग ते सुरूच झालं. अण्णा प्रत्येक वळणावर विचारायला लागले, आता? आणि आता? अक्का सांगायला लागल्या. फुलांच्या टोपल्या उतरवतायत. शेवंती, कालची आहे. बेकरीतून खारी बिस्किटं काढलीत. मेट्रोच्या खांबाशी ओलं सिमेंट. तळ्याजवळ आल्यावर अण्णा म्हणाले, "आणि तळ्याचा?" "तो नका विचारू," अक्का म्हणाल्या, आणि दोघंही हसले. अण्णांनी एका झाडाखाली गाडी उभी केली. समोर पाण्यावर पक्षी होते. मग अण्णा समोरच बघत, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तू मल्लिगेचा गजरा माळायचा सोडलास ना?"

अक्कांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"मी विचारलं नव्हतं कधी. म्हटलं, वय झालं, कंटाळली असशील."

"रोज माळते," अक्का म्हणाल्या. "एक दिवस चुकला नाही. आत्ताही आहे."

होता. मी मागेच बसलो होतो, माझ्या अगदी डोळ्यांसमोर त्यांच्या अंबाड्यावर मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, ताजा गजरा होता. अण्णांनी मान वळवून पाहिलं. पाहतच राहिले. "मला कधी बघावं लागलंच नाही गं," ते म्हणाले. "तू खोलीत आलीस की कळायचं." आवाज त्यांचाच होता, पण तो मी ओळखला नसता. मी मुकाट्यानं दार उघडून खाली उतरलो आणि उगाचच तळ्याच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो.

अण्णांचं नाक काही परत आलं नाही. आता ते यायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. रविवारी सकाळी दोघं बाहेर पडतात, मला नेत नाहीत, आणि नेऊही नये. वरच्या गॅलरीतून मला दिसतात. अक्का पुढच्या सीटवर बसतात, दार लावून घेतात. अण्णा विचारतात, "आज माळलंयस का?" त्या पदर सारखा करत म्हणतात, "बघा की." मग अण्णा किल्लीवरचा हात काढून त्यांच्याकडे वळतात, आणि अगदी सावकाश बघतात.